आधी धरणे, मग फिरवणे

पाना तिसऱ्यांदा घसरला आणि माझ्या उजव्या हाताच्या दोन पेरांची साल फ्रेमच्या नळीवर राहिली, तेव्हा कुठे मी थांबलो. एका जुन्या पोलादी सायकलीचा सांगाडा पूर्ण मोकळा करून, घासून, रंगवून पुन्हा जोडायचा असा बेत होता आणि त्यातले सुटे करण्याचे काम एका दुपारी उरकेल अशी माझी समजूत होती. चाके, हँडल, ब्रेक, चेन हे सारे विनातक्रार निघाले. काम अडले ते बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपापाशी. पायडलांच्या दोन्ही दांड्या, म्हणजे क्रँक, ज्या आसाला जोडलेल्या असतात तो आस फ्रेमच्या तळाशी असलेल्या एका आखूड आडव्या नळीतून जातो. त्या नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात, त्यांत दोन पोलादी कप बसतात आणि कप व आस यांच्यामध्ये छर्रे फिरतात. उजवा कप एकदा बसवला की सहसा हलवायचा नसतो, म्हणून त्याला पकडण्यासाठी दिलेली जागाही कंजूषपणे दिलेली असते: कडेच्या पातळ चकतीवर समोरासमोर कापलेल्या दोन सपाट बाजू, जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या. त्यांच्यावर मी माझ्याकडचा सर्वांत मोठा ॲडजस्टेबल पाना लावला, तो पुरेना म्हणून त्याच्या दांड्यावर पाइप चढवला, आणि अंगातला सगळा जोर लावला.

त्या दुपारी माझ्या दोन चुका झाल्या होत्या. पहिली लाजिरवाणी होती, कारण मी कप सैल करत नव्हतो, तर आवळत होतो. या कपाचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे सायकल वापरणाऱ्या बहुतेकांना माहीत असते, पण उजव्या बाजूला पायडलाचे आटे सुलटे आणि कपाचे उलटे असतील, हे त्या क्षणी डोक्यात आले नाही. यामागचे कारण समजून घ्यायचे असेल तर एक पेन्सिल अर्धवट मिटलेल्या मुठीत सैल धरावी आणि तिचे टोक दुसऱ्या हाताने गोलगोल फिरवावे. पेन्सिल मुठीच्या आतल्या बाजूवर घरंगळत स्वतःभोवती उलट दिशेने वळते. पायडलाच्या आसावरचा भार असाच फिरता असतो आणि आटे नकळत सुटत जाऊ नयेत म्हणून डावे पायडल उलट्या आट्यांचे करतात. कपाच्या बाबतीतही हीच चाल धरलेली आहे. इटालियन पद्धतीच्या फ्रेममध्ये दोन्ही कपांचे आटे सुलटे असतात आणि त्यांचा उजवा कप आपोआप सैल होतो, ही तक्रार जुनी आहे. ज्यांनी आटे उलटे केले त्यांनी काही विचार केला होता. जोर करण्याआधी विचार करण्याची पाळी माझी होती, ती मी चुकवली.

दुसरी चूक जास्त खोल होती आणि ती कळायला मला आणखी काही आठवडे लागले. मी सारे लक्ष फिरवण्याकडे दिले होते. पाना किती मोठा, दांडा किती लांब, जोर किती, एवढाच हिशेब मी मांडला होता. पाना त्या पातळ कडेवर टिकून कसा राहील आणि फ्रेम जागच्या जागी कशी राहील, हे मी गृहीत धरले होते. डाव्या हाताने फ्रेम पोटाशी आवळून उजव्या हाताने पाइप ओढणे याला धरणे म्हणत नाहीत. त्या अवस्थेत लावलेल्या जोराचा काही भाग कपाला वळवतो, काही भाग पाना तिरका करून बाहेर ढकलतो आणि उरलेला फ्रेमला जमिनीवर फरफटवतो. पाना घसरतो तो या दुसऱ्या भागामुळे, आणि दांडा जितका लांब करावा तितका तोही वाढतो. म्हणजे पाइप चढवून मी घसरण्याची शक्यताच वाढवत होतो.

यंत्रकामाची हत्यारे घेताना आपण आवळणाऱ्या हत्यारांवर पैसे खर्च करतो आणि धरणाऱ्या हत्यारांकडे पाठ फिरवतो, असे मला आता वाटते. पान्यांचा चकचकीत संच पेटीत रांगेने मांडलेला छान दिसतो. जड बाकाला चार बोल्टांनी घट्ट बसवलेला व्हाइस, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारे साधन, मात्र दिसायला ठोकळा असतो, जागा अडवतो आणि त्याचे कौतुक कोणी करत नाही. मी स्वतः तीन प्रकारच्या ॲलन की (सहाकोनी खाचेच्या बोल्टांच्या चाव्या) आणि फिरवण्याचा जोर मोजणारे दोन टॉर्क पाने जमवले होते तेव्हाही माझ्याकडे धड व्हाइस नव्हता. तो घेतल्यावर त्याच कपाचे काम ज्या रीतीने झाले ती रीत जुन्या सायकल कारागिरांची आहे, माझी नव्हे.

त्या रीतीत पाना लागतच नाही. फ्रेम आडवी करून उजवी बाजू खाली घ्यायची आणि कपाच्या त्या दोन सपाट बाजू व्हाइसच्या जबड्यांत सरळ उतरवून व्हाइस कचकचीत आवळायचा. व्हाइसचे जबडे रुंद, समांतर आणि पक्के असतात. कोणताही ॲडजस्टेबल पाना त्या पातळ कडेला असा गच्च धरू शकत नाही, कारण त्याच्या सरकत्या जबड्यात मुळातच थोडी हालचाल असते. आता कप जमिनीशी जोडल्यासारखा स्थिर असतो आणि फिरवायची असते ती फ्रेम. हँडल जिथे बसते ते टोक कपापासून अर्ध्या मीटरहून जास्त दूर असते, त्यामुळे आख्खी फ्रेमच पान्याचा दांडा होते. दिशेचा घोळ इथे पुन्हा होऊ शकतो: वरून, म्हणजे डाव्या बाजूकडून पाहताना, फ्रेम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवली की उजवा कप सुटतो. मी आधी कागदावर चित्र काढले, बाणांनी खात्री करून घेतली, आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले आणि सकाळी दोन्ही हातांनी फ्रेम हळूहळू ओढली. एक करकर आवाज झाला आणि कप सुटला. त्यासाठी लागलेला जोर त्या दुपारच्या निम्माही नव्हता.

बंदुकांच्या कारागिरांत हीच शिस्त वेगळ्या रूपात दिसते. आधुनिक रायफलच्या ॲल्युमिनियमच्या वरच्या सांगाड्याला नळी नटाने जोडताना तो सांगाडा व्हाइसच्या जबड्यांत तसाच दाबला तर पिचकतो किंवा पिळला जातो, म्हणून त्याच्या आकाराला अनुरूप असा ठोकळा आधी घेतात आणि व्हाइस तो ठोकळा धरतो. तिथेही चर्चा पान्याच्या टॉर्कची जास्त होते, पण वस्तू बिघडते ती बहुतेक वेळा धरण्यात. बंदूक आणि सायकल ही जोडी मी ओढूनताणून जुळवलेली नाही. माझ्या फ्रेमच्या त्या नळीतल्या आट्यांचे माप १.३७ इंच व्यास आणि दर इंचाला २४ आटे असे आहे, आणि जगभरचे सायकल कारागीर त्या मापाला आजही बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन काढलेली कंपनी, जिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली होत्या. लष्कराची मागणी आटली की कारखाना रिकामा राही, म्हणून १८८० च्या दशकात ती सायकलींकडे वळली. एनफील्ड हे नावही मूळचे इंग्लंडमधल्या सरकारी रायफल कारखान्याच्या गावाचे, आणि 'मेड लाइक अ गन' हे रॉयल एनफील्डचे घोषवाक्य त्याच नात्यातून आलेले. अमेरिकेत १८७८ साली अल्बर्ट पोप याने हार्टफर्डमध्ये ज्या शिलाई यंत्रांच्या कारखान्याकडून आपल्या कोलंबिया सायकली बनवून घ्यायला सुरुवात केली, त्याची इमारत त्याआधी शार्प्स रायफलींची होती. रायफलीचा कुठलाही सुटा भाग त्याच जातीच्या कुठल्याही रायफलीत बसला पाहिजे या हट्टापायी गेज, साचे आणि अचूक आटे यांची जी संस्कृती घडली, ती शिलाई यंत्रांतून सायकलींत उतरली. आपल्या भाषेने तर ही नाळ एका शब्दात जपली आहे: बंदुकीतून सुटतात ते छर्रे आणि सायकलीच्या बेअरिंगमध्ये फिरतात तेही छर्रेच.

कप निघाल्यावर आट्यांकडे पाहिले तर त्यांत गंज, जुने ग्रीस आणि रंग यांचा चिखल साठला होता. या टप्प्यावर खरे हत्यार म्हणजे त्या मापाच्या टॅपची, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्यारांची, जोडी, एक सुलटा आणि एक उलटा. ती महाग असते आणि एका फ्रेमसाठी घेणे परवडत नाही. मी एका जुन्या पोलादी कपाच्या आट्यांवर आडव्या खाचा कापल्या आणि तोच कप हाताने आतबाहेर फिरवून आटे साफ केले. त्याने नवे आटे पडत नाहीत आणि दुखावलेले आटे फारसे सुधारतही नाहीत, पण चिखल मात्र खाचांत गोळा होऊन बाहेर येतो. रंगकाम करताना आट्यांत रंग जाऊ नये म्हणून तोच कप बुचासारखा लावून ठेवला. हे जुगाड होते हे मान्य, आणि फ्रेमचे आटे खरोखर मोडलेले असते तर मी ते केले नसते; तिथे टॅप बाळगणाऱ्या माणसाकडेच जायला हवे.

नवा कप बसवताना बोटे हेच पहिले हत्यार. कप नळीच्या तोंडावर सरळ टेकवून आधी उलट दिशेने, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, अलगद फिरवावा. आट्याचे टोक आट्याच्या टोकावरून उतरते तेव्हा बोटांना एक बारीकसा 'टक्' जाणवतो. त्यानंतरच बसवण्याच्या दिशेने वळवावे. दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले नाहीत तर पाना उचलू नये, कारण तिरके बसलेले आटे पान्याच्या जोराने पुढे जातात खरे, पण फ्रेमचे आटे कापत जातात. बिघडलेली बहुतेक जोडकामे या पहिल्या दोन फेऱ्यांत बिघडतात, असे माझे मत आहे. ग्रीस इथे सढळ हाताने लावायचे: पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी, आणि पुढच्या वेळी कप सुटावा म्हणूनही.

मग प्रश्न येतो किती आवळायचे याचा. जुन्या लोकांचे उत्तर 'हाताला कळते' असे असते आणि ते मला कधीच पटले नाही, कारण माझ्या हाताला कळत नव्हते. हाताला कळते ते प्रयत्नाचे माप, आणि प्रयत्न दांड्याच्या लांबीवर ठरतो. मूठभर ॲलन कीने पाच न्यूटन-मीटर (हे टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, माप) लावताना जेवढे कष्ट वाटतात तेवढेच लांब दांड्याने पंचवीस लावताना वाटू शकतात. हँडल धरणारे बारीक बोल्ट तुटतात आणि क्रँकचे मोठे बोल्ट सैल राहतात, यामागे एकच हात दोन्हीकडे सारखाच जोर लावतो हे कारण असते. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार याने १९१८ साली टॉर्क पाना बनवला, तोही पाइपांचे बोल्ट जास्त आवळले जाऊन मोडत म्हणून. पट्टीचे कामगार हाताशी असतानाही ती गरज पडली, हे मला दिलासा देणारे वाटते.

टॉर्क पान्यांत मी आधी टकटक आवाज देणारा घेतला, कारण तो वापरायला सोपा वाटला. आकडा लावायचा, आवाज झाला की थांबायचे, आणि काम झाल्यावर आतल्या स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. घरी आणल्यावर लक्षात आले की असे बरेच पाने एकाच दिशेने मोजतात. उलट्या आट्यांचा कप आवळायला तो निरुपयोगी होता. खटका उलट बाजूला टाकून नुसता फिरवता येई, पण टक् होत नसे. दुसरा पाना काट्याचा होता. त्यात एक जाड दांडा वाकतो, शेजारचा बारीक काटा सरळ राहतो आणि दोघांमधले अंतर पट्टीवर वाचता येते. तो दोन्ही दिशांना मोजतो, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि काटा शून्यावर नसेल तर तो हलकेच वाकवून शून्यावर आणता येतो. त्याचा दोष एवढाच की पट्टीच्या बरोबर वर डोळा ठेवून वाचावे लागते, आणि फ्रेमखाली वाकलेल्या माणसाला ते नेहमी जमत नाही. तरीही एकच घ्यायचा झाला तर मी काट्याचा सुचवीन.

उजव्या कपासाठी मात्र दोन्ही पाने बाजूलाच राहिले, कारण कप व्हाइसमध्ये होता आणि फ्रेमच दांडा झाली होती. कपांसाठी उत्पादक सहसा ५० ते ७० न्यूटन-मीटर सांगतात. मी सामान तोलायचा हुकाचा स्प्रिंग काटा घेतला, तो फ्रेमच्या पुढच्या टोकाला कपापासून ६० सेंटिमीटरवर अडकवला आणि फ्रेमशी काटकोन राखून ओढत गेलो. काटा १० किलोवर आला तेव्हा कपावर सुमारे ५९ न्यूटन-मीटर पडले होते. शाळेत शिकलेला तरफेचा नियम इतक्या वर्षांनी असा कामी येईल असे वाटले नव्हते. याच नियमाची उलटी बाजू टॉर्क पान्याला पुढे जोडपट्टी लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी: ३०० मिलिमीटर लांबीच्या पान्यापुढे ५० मिलिमीटरची जोडपट्टी सरळ रेषेत लावली आणि पाना ४० वर ठेवला, तर प्रत्यक्षात जवळपास ४७ लागतात. तीच जोडपट्टी काटकोनात लावली तर आकडा बदलत नाही.

या आकड्यांवर मी एके काळी श्रद्धाच ठेवली होती, ती थोडी खाली आणावी लागली. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. पाना हा ताण मोजत नाही, तो फिरवण्याचा प्रतिकार मोजतो. साधारण हिशेबाने त्या प्रतिकाराचा निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात, आणि उरलेला दहावा हिस्सा काय तो ताणासाठी खर्च होतो. म्हणून तोच आकडा कोरड्या आट्यांवर एक ताण देतो आणि तेलकट आट्यांवर त्याहून बराच जास्त. उत्पादकाने आकडा ग्रीस लावून सांगितला आहे की न लावता, हे न वाचता आकडा पाळणे म्हणजे निम्मे वाक्य ऐकून उत्तर देण्यासारखे आहे.

डाव्या कपापाशी तर आकड्यांचा फारसा उपयोगच नव्हता. आस आत सरकवला, दोन्ही बाजूंना ग्रीसमध्ये अकरा-अकरा छर्रे मांडले, पाव इंचाचे, आणि डावा कप बोटांनी आत घेतला. हा कप छर्र्यांवर इतकाच टेकला पाहिजे की आस मोकळा फिरेल पण हलणार नाही. मग बाहेरून लॉकरिंग, म्हणजे आतून आटे असलेली कडी, आवळून त्याला त्या जागी कायम करायचे. अडचण अशी की लॉकरिंग आवळताना कप तिच्याबरोबर फिरू पाहतो, आणि तो तसा रोखला तरी आट्यांतली मोकळीक संपून किंचित बाहेर ओढला जातो. म्हणजे इथेही धरणेच महत्त्वाचे: एका हातात कपाच्या भोकांत रुतवलेला पिनांचा पाना, दुसऱ्या हातात लॉकरिंगचा हुकाचा पाना, आणि सुरुवातीला कप हवा त्याहून किंचित घट्ट. पहिल्यांदा आस खडखडला. दुसऱ्यांदा फिरताना खरखरला, म्हणजे फार घट्ट होता. पाचव्या की सहाव्या खेपेला तो असा फिरला की बोट काढल्यावरही आवाज न करता थोडा वेळ फिरत राहिला. इथे मात्र जुन्या लोकांचे 'हाताला कळते' खरे ठरले, हे कबूल करायला हवे.

क्रँक बसवताना मी पुन्हा आकड्यांकडे आलो. आसाची टोके चौकोनी आणि किंचित निमुळती असतात. ॲल्युमिनियमची क्रँक त्यांच्यावर पाचरीसारखी चढते आणि बोल्ट तिला चढवत राहतो. सैल राहिली तर चौकोनी भोकाच्या कडा झिजून ती कायमची डुगडुगते, फार आवळली तर भोकापासून तडकू शकते. ३५ ते ५० न्यूटन-मीटर या पट्ट्यात मी ४० धरला, आणि हे आटे सुलटे असल्याने टकटक करणारा पाना अखेर कामी आला. क्रँक काढायच्या वेळची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती मी एकदा भोगली आहे: बोल्ट काढला तरी त्याखालचा वायसर कधीकधी आत चिकटून राहतो, आणि तो न काढता क्रँक ओढून काढणारा पुलर लावला तर पुलरचे टोक आसाऐवजी वायसरवर टेकते. मग पुलर आवळत गेले की क्रँक जागची हलत नाही, तिचे आटे मात्र निघून हातात येतात.

सगळे जोडून झाल्यावर रंगाच्या पेनने मी उजव्या कपावरून फ्रेमवर, लॉकरिंगवरून डाव्या कपावर आणि तिथून फ्रेमवर अशा बारीक पिवळ्या रेघा ओढल्या. जोड सरकला तर रेघ तुटते आणि ते पाना न लावता दिसते. शंभर किलोमीटर सायकल चालवल्यावर वाकून पाहिले. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडे लॉकरिंग आणि कप यांच्यामध्ये रेघ केसभर तुटली होती. सायकल उलटी केली, पिनांचा पाना आधी लावला, तो नीट रुतला आहे ना हे पाहिले, आणि मग हुकाच्या पान्याकडे हात नेला.